तीन फूट पाच इंच

इमॅजिकाला जायचं ठरलं आणि आमच्या घरात कालनिर्णयापेक्षा टेपला भाव आला. टेप म्हणजे शिवणकामाची पिवळी टेप, सासूबाईंच्या मशीनच्या खणातली. लेक साडेचार वर्षांची. स्वयंपाकघराच्या चौकटीला तिला पाठ लावून उभी करायची, डोक्यावर वही आडवी धरायची आणि पेन्सिलीनं रेघ मारायची. तीन फूट पाच इंच. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "टाचा टेकव," मी म्हणायची. "टेकल्यात," ती म्हणायची, आणि त्या टेकलेल्या नसायच्या.

हे वेड उगाच नव्हतं. थीम पार्कात मुलाचं वय कितीही असो, चालते ती उंची. तिकीट लहानांचं की मोठ्यांचं हे उंचीवर ठरतं आणि आत गेल्यावर मोठ्या खेळांच्या तोंडाशी पुन्हा मोजपट्टी उभी असतेच. त्यामागचं कारण सरळ आहे. पाळण्यात आपल्याला धरून ठेवतो तो मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून उतरणारं जोखड. ते ठरावीक मापाच्या शरीरासाठी घडवलेलं असतं. अंग त्या मापात बसलं नाही तर मूल खालून निसटू शकतं, मग ते कितीही धीट असो. त्यामुळे 'अहो, दोन बोटांचाच तर फरक आहे, जाऊ द्या ना' हे आपलं हुकमी अस्त्र तिथे चालत नाही आणि चालूही नये.

नवरा सातपूरच्या एका कंपनीत प्रॉडक्शन प्लॅनिंगला आहे. त्याला तक्ता केल्याशिवाय भूकही लागत नाही. त्यानं इमॅजिकातल्या खेळांचा तक्ता केला. लेकीला चालणारे हिरवे, कुणीतरी सोबत बसल्यास चालणारे पिवळे, बाकी लाल. 'नायट्रो' हा सगळ्यात मोठा रोलर कोस्टर, पायाखाली जमीन नसलेला, त्याला साडेचार फुटांच्या आसपास उंची लागते. तो लाल. अंधारात धावणारा 'डीप स्पेस' लाल. वरून दाणकन खाली सोडणारा 'डेअर टू ड्रॉप' अर्थात लाल. रात्री अकरा वाजता त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. उन्हाळ्यातल्या कोथिंबिरीच्या जुडीत जेवढं हिरवं असतं तेवढंच त्यात हिरवं होतं.

"अगं, मग आपण पैसे कशाचे भरायचे?" तो म्हणाला. "वसूल कसे व्हायचे?"

वसूल हा आपल्याकडचा फार जुना हिशोब आहे. अमर्याद थाळी घेतली की तिसरा गुलाबजाम भुकेसाठी नसतो, वसुलीसाठी असतो. सहलीला गेलं की पाच पॉइंटपैकी चारच झाले तर परतीच्या गाडीत पाचव्याचीच चर्चा होते. मीही याच मुशीतली. १९९६ साली आमच्या शाळेची सहल एस्सेलवर्ल्डला गेली होती. तेव्हा टीव्हीवर त्या पार्कची जाहिरात लागली की घरातलं प्रत्येक मूल ती म्हणायचं. १९८९ साली गोराईच्या खाडीपलीकडे ते पार्क सुरू झालं होतं. मुंबईतल्या मुलांना ते लांब वाटायचं, तर नाशिकच्या मुलांना अमेरिकेसारखंच. पहाटे तीनला एसटी निघाली, कसारा घाटात अर्ध्या वर्गानं आवळासुपारी चघळली आणि उरलेल्या अर्ध्यानं पिशव्या वापरल्या. मग बोरिवली, मग गोराईची बोट. बाईंनी परत आल्यावर निबंध लिहायला सांगितला. त्या वहीत मी अभिमानानं लिहिलं आहे: 'मी एकूण अकरा खेळ खेळले.' वही अजून आहे. अकरातले आठवतात दोनच. बोट मात्र पूर्ण आठवते, तिच्या डिझेलच्या वासासकट. २०२२ साली ते पाळणे थांबले, तेव्हा मला आधी आठवली ती खाडी.

याच्या उलट कालिकेची यात्रा. नवरात्रात जुन्या आग्रा रोडवर कालिका मंदिराबाहेर पाळणे लागायचे, अजूनही लागतात. वडील सांगायचे, "एक काय ते ठरवा." रहाटपाळणा की मौत का कुआँ, एकच. मी दरवर्षी रहाटपाळणा निवडला आणि तो दरवर्षीचा मला वेगवेगळा आठवतो. एका वर्षी वर असताना वीज गेली होती. एका वर्षी शेजारी बसलेल्या काकूंनी खाली येईपर्यंत रामरक्षा म्हटली होती.

नवऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "मग यात्रेलाच नेऊ तिला." बोलणं बरोबर होतं, पण तोवर लेकीनं बालवाडीतल्या सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं. आता माघार नव्हती.

मोठ्या सहलीआधी रंगीत तालीम करावी असं मीच सुचवलं. नाशिकपासून शिर्डी नव्वदेक किलोमीटर. तिथे साईतीर्थ नावाचं थीम पार्क आहे, भक्तीवरचं. सासूबाईंना दर्शन आणि लेकीला सराव. सिन्नरच्या पुढे रस्त्याच्या कडेनं पालख्या घेऊन चालणारे पदयात्री दिसत होते. आठ-आठ दिवस पायी येणाऱ्यांच्या शेजारून आपण दोन तासांत पोचतो तेव्हा जरा चोरट्यासारखं वाटतं.

साईतीर्थात एका खेळात गाडीत बसून देशातल्या देवळांच्या प्रतिकृतींमधून फिरता येतं, एका ठिकाणी द्वारकामाईत यंत्राचे साईबाबा बोलतात आणि 'लंकादहन' नावाचा पंचमितीय खेळ आहे. देवळांची गाडी लेकीला फार आवडली. 'लंकादहन' मात्र माझ्या अंदाजाची चूक. अंधार झाला, खुर्ची हलली, समोर आग लागली आणि लेक माझ्या मांडीवर चढून पोटात तोंड खुपसून बसली. "मारुती आपला आहे ना गं?" ती आतून विचारत होती. "आपलाच आहे." "मग तो आपल्याकडे का येतोय?" हा प्रश्न मी कधी विचारातच घेतला नव्हता. पडद्यावरचा मारुती मला माहीत असलेल्या गोष्टीतून येत होता. तिच्यासाठी तो थेट अंगावर येत होता.

बाहेर येऊन उसाचा रस पिताना मला आमच्या नाशिकच्याच माणसाची आठवण झाली. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'नंतर आपला कारखाना नाशिकला आणला आणि १९१७ साली इथेच 'लंकादहन' काढला. अण्णा साळुंकेंनी त्यात रामही केला आणि सीताही. दोन वर्षांनी 'कालिया मर्दन' आला. त्यातला कृष्ण होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रात शिरायची माणसाची हौस तेव्हाची आहे. थीम पार्क काढणारेही पुष्कळदा चित्रपटवालेच निघाले. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड काढणारा वॉल्ट डिस्ने तसा, आणि आपल्या खोपोलीचं इमॅजिका २०१३ साली उभं करणारे मनमोहन शेट्टीही तसेच. शेट्टींची मूळची अ‍ॅडलॅब्स ही फिल्म धुण्याची प्रयोगशाळा, आणि 'अर्धसत्य'च्या निर्मात्यांत त्यांचं नाव आहे. पडद्यासमोर बसून पाहायचं ते चित्र यांनी आत शिरून हिंडण्याजोगं केलं. साडेचार वर्षांच्या मुलीला मात्र पडदा आणि अंगण यांच्यातली रेघच अजून नीट दिसत नाही. ती आधीच आत असते. तिला आणखी आत ढकलायची गरज नव्हती.

घरी आल्यावर तक्त्यात नवा स्तंभ आला: 'अंधार'. भुताचा 'सलीमगड' त्यात आला, आणि उंचीनं चालू शकले असते असेही दोन-तीन खेळ. हिरवं आणखी उतरलं. नवऱ्यानं सुस्कारा टाकला, पण खोडलं.

मग तारीख. दिवाळीची सुट्टी म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची सुट्टी. मे म्हणजे कोकणातला घाम. पावसाळ्यात खोपोलीचे डोंगर बघावेत, पण उघड्यावरचे पाळणे जोराच्या पावसात थांबवावे लागतात. उरला हिवाळा. बालवाडीचा एक आठवडा बुडाला म्हणून कुणाची दहावी बुडत नाही, म्हणून जानेवारीतला एक मंगळवार धरला. पुढे पहिलीत गेली की ही चैन संपणार. लहान मुलाला घेऊन जाण्याचा खरा फायदा हाच, की सुट्टी सोडून सुट्टी घेता येते.

सगळं ठरत आलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की घरात नवा ठराव मांडला जातो.

"खोपोलीला जाताय ना? मग महड तिथेच आहे. आणि ते तुमचं इमॅजिका पालीच्याच रस्त्यावर आहे म्हणे."

"हो आई."

"मग अष्टविनायकातले दोन देव रस्त्यात सोडून पुढं जायचं का?"

प्रश्न नव्हताच तो. नवऱ्यानं तक्त्यात दोन ओळी वाढवल्या आणि रंग न विचारताच हिरवा भरला. एका दिवसाची सहल तीन दिवसांची झाली: पहिल्या दिवशी खोपोली आणि महड, दुसऱ्या दिवशी पार्क, तिसऱ्या दिवशी पाली करून घरी. मला वाटलं होतं, सासूबाईंनी आमचा बेत फिसकटवला. प्रत्यक्षात त्यांनी तो वाचवला. सकाळी नाशिकहून निघून दोनशेच्या आसपास किलोमीटर गाडी हाकून त्याच दिवशी पार्कात शिरलो असतो, तर लेक पहिल्याच रांगेत झोपली असती.

निघालो सोमवारी सकाळी. इगतपुरीजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरपासूनचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आमच्या पिढीसाठी मुंबईची वाट म्हणजे कसारा घाट, त्यातली वळणं, धुकं, बंद पडलेला ट्रक आणि मळमळ. आता जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. दिव्यांच्या रांगेतून गाडी सुळ्ळकन जाते. "अंधार!" मी मनात म्हटलं आणि मागे वळून बघितलं. लेक दिवे मोजत होती. एकोणतीसनंतर ती नेहमी पन्नासवर जाते. बोगदा संपेपर्यंत तिचे तीन वेळा शंभर झाले. आवळासुपारीची पुडी न फोडताच खोपोलीला पोचली. शहापूरला उतरून मुरबाड-कर्जतमार्गे गेलो. डाव्या हाताला सह्याद्रीची भिंत सारखी सोबत होती.

दुपारी सगळे झोपले. हे वाक्य साधं दिसतं, पण लहान मुलासोबतच्या प्रवासात याहून मोठं यश नाही. संध्याकाळी महडला गेलो. तिथला नंदादीप १८९२पासून अखंड तेवतोय असं सांगतात. सासूबाई हात जोडून त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आपल्याकडं सिलिंडर महिनाभर पुरत नाही."

मंगळवारी गेट उघडायच्या आधी हजर. तयारीची जी कामाची कामं होती ती सांगते. लेकीच्या मनगटावर बॉलपेननं माझा फोन नंबर लिहिला आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली. सकाळी सगळ्यांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढला. मूल चुकलंच तर कपड्याचा रंग आठवत बसावं लागत नाही. बदलायचे कपडे दोन जोड, टोपी, स्वेटर. अशा पार्कांत बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत, म्हणून सासूबाईंच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवली आणि नाश्ताच भरभक्कम केला. जेवणाची वेळ पावणेबारा ठरवली, म्हणजे एकच्या रांगेत उभं राहायला नको. वॉटर पार्क आणि स्नो पार्क हे दोन्ही शेजारीच आहेत, दोन्ही सरळ काटले. जानेवारीत भिजून कुडकुडणं आणि मग मुद्दाम बर्फात जाणं यात कसली मौज?

पहिला खेळ गोल फिरणाऱ्या घोड्यांचा. दुसरा 'टबी', उडणाऱ्या हत्तीचा. हत्तीत बसून वर जायचं, गोल फिरायचं, खाली यायचं. लेक उतरली आणि म्हणाली, "परत." गर्दी नव्हती, परत बसली. उतरली. "परत." तिसऱ्यांदा नवऱ्यानं तक्ता काढला. "अगं, आता अलीबाबाची वेळ झाली."

"मला हत्ती."

"अलीबाबात बंदूक मारायची असते."

"मला हत्ती."

इथे माझ्या डोक्यात काहीतरी जुळलं. आपलं वसूल म्हणजे पाच वेगवेगळे खेळ एकेकदा. तिचं वसूल म्हणजे एकच खेळ पाचदा. दोघांचा गुणाकार सारखाच येतो, फक्त आपण तिचा गुणाकार मानायला तयार नसतो. रात्री एकच गोष्ट चौदाव्यांदा सांगताना एखादं वाक्य गाळलं तर हीच मुलगी ते पकडते. पहिल्या फेरीत ती घाबरते, दुसरीत बघते, तिसरीत तिला पुढे काय येणार ते कळतं, आणि चौथ्या फेरीपासून तो हत्ती तिचा होतो. आपण तिला दुसऱ्या फेरीनंतर उचलून पुढे नेतो आणि संध्याकाळी म्हणतो, हिला कशाचं काही वाटतच नाही.

"तू नायट्रोवर जाऊन ये," मी नवऱ्याला म्हटलं. "आम्ही इथे आहोत."

तो गेला. मी बाकड्यावर बसले. वॉल्ट डिस्नेबद्दल सांगतात की तो लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात आपल्या दोन मुलींना गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायचा आणि स्वतः बाकड्यावर बसून राहायचा. आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा का नसावी, हे त्याला त्या बाकड्यावर सुचलं. पुढे १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं. पहिल्या दिवशी खोटी तिकिटं घेऊन माणसं घुसली, ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, आणि नळजोडणीवाल्यांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याच्या तोट्या अपुऱ्या पडल्या. एका कंटाळलेल्या बापाच्या बाकड्यातून जगभरचा एवढा धंदा उभा राहिला. सत्तर वर्षांनी मी त्याच बाकड्यावर. फरक इतकाच, की मला कंटाळा आला नव्हता. पाचव्या फेरीला लेक वरून एका हाताने टाटा करत होती. पहिल्या फेरीला दोन्ही हात दांड्याला चिकटलेले होते. मधल्या तीन फेऱ्यांत काय घडलं ते बघायला बाकडंच लागतं.

नवरा परत आला तो पांढराफटक. "कसं होतं?" "छान," असं म्हणून तो माझ्याशेजारी बसला आणि दहा मिनिटं तक्त्याला हातही लावला नाही.

सासूबाईंनी 'आय फॉर इंडिया' केला. त्यात खुर्ची उचलली जाते, पाय अधांतरी लोंबतात आणि भल्यामोठ्या पडद्यावर पायाखालून देश सरकत जातो. बाहेर येऊन त्यांनी चप्पल नीट केली. "विमानात असं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "तिथं खिडकीशी नेहमी दुसराच बसलेला असतो." मी 'राजासॉरस'च्या होडीत बसून आले आणि नखशिखान्त भिजले. हा राजासॉरस कल्पनेतला नाही. नर्मदेच्या खोऱ्यात त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. ठिबकत बाहेर आले, तर लेकीचा एकच प्रश्न: "मी का नाही?"

मग ती स्वतःच जाऊन खांबाला टेकून उभी राहिली. तिथल्या मुलीनं वाकून बघितलं, दोन बोटं दाखवली आणि हसून म्हणाली, "एवढीच राहिली. पुढच्या वर्षी ये हं." लेकीनं टाचा उचलल्या. मुलीनं खाली बघितलं. लेकीनं टाचा टेकवल्या.

मी रडण्याची वाट बघत होते. ते आलंच नाही. तिनं तो खांब सोडला, पलीकडच्या मोकळ्या भिंतीशी गेली आणि तिथे स्वतःचा खांब उभा केला. आता ती तपासनीस. "उभी राहा, आजी." आजी उभ्या राहिल्या. "टाचा टेकव." टेकवल्या. "चालेल, जा." मग बाबा. "तू जास्त उंच आहेस, तुला नाही." त्याला बाजूला काढलं. मग माझी बॅग, मग पाण्याची बाटली, मग ओळखपाळख नसलेला, बाजूनं चाललेला एक तीन वर्षांचा मुलगा. तोही शहाण्यासारखा पाठ टेकून उभा राहिला. त्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. त्या सोलापूरकडच्या होत्या आणि त्यांच्याकडेही नवऱ्यानं केलेला एक तक्ता होता.

अर्धा तास गेला. तक्त्याप्रमाणे तीन हिरवे खेळ बुडाले. मजेची गोष्ट अशी, की तिनं कुणाला नाकारलं तर ते उंचीनं मोठ्या माणसालाच. लहानांच्या काही खेळांना खरंच वरची मर्यादा असते, हे तिनं कुठेतरी टिपलं होतं. मी तोवर चौकटीवरच्या रेघांकडे फक्त एका बाजूनं बघत होते: अजून किती वाढली की नायट्रो, अजून किती की राजासॉरस. पण प्रत्येक रेघेला एखादा दरवाजा उघडतो तसा एखादा बंदही होतो. त्या हत्तीच्या मापात ती आणखी किती वर्षं बसणार? मी उठले आणि म्हटलं, "चल, हत्तीकडे जाऊ." सहावी फेरी झाली. सातवीही.

संध्याकाळची मिरवणूक बघून बाहेर पडलो. पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर दशम्या आणि चटणी काढली. दिवसभरातलं सगळ्यात चविष्ट जेवण ते. नवऱ्यानं फोनवर तक्ता उघडला, हिरव्यापैकी किती झाले ते मोजलं आणि न सांगता बंद केला. "या पार्कचे मालक आता संगमनेरचे, मालपाणी," त्यानं माहिती पुरवली. "२०२२ला घेतलं त्यांनी. गाय छापवाले." सासूबाईंना हे पार्क तेव्हा एकदम घरचं वाटायला लागलं. संगमनेर म्हणजे त्यांचं आजोळ.

बुधवारी सकाळी पाली. देऊळ पूर्वाभिमुख, सकाळचं ऊन आत येणारं. आठही विनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकटाच, बल्लाळेश्वर. आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचं आणि मग याचं, अशी रीत. दर्शन झाल्यावर आवारात बसलो आणि सासूबाईंनी नातीला मांडीवर घेऊन गोष्ट लावली.

"कल्याणशेठ नावाचा व्यापारी होता. त्याचा मुलगा बल्लाळ. तो काय करायचा, गावातली पोरं गोळा करायची, रानात जायचं, एक मोठा धोंडा घ्यायचा आणि हाच आपला गणपती म्हणून पूजा-पूजा खेळायचं."

"रोज?"

"रोज. तोच धोंडा, तीच पूजा. खेळात पोरं इतकी रमायची की जेवायला घरी जायचं विसरायची. मग आईबाप चिडले. कल्याणशेठकडं तक्रार गेली, तुझ्या पोरानं आमची पोरं बिघडवली. शेठ तावातावानं रानात गेला. पूजा मोडली, धोंडा फेकून दिला, बल्लाळला मारलं आणि झाडाला बांधून ठेवलं. म्हणाला, आता बघू तुझा देव कसा सोडवतो."

नवऱ्यानं घड्याळ बघितलं. अकरा वाजेपर्यंत निघालो तर दुपारच्या आत कर्जत ओलांडता येणार होतं. मग त्यानं घड्याळ असलेला हात खिशात घातला.

लेक मात्र झाडापाशीच अडकली होती. "तो केवढा होता?"

"असेल तुझ्याएवढाच."

ती मांडीवरून उतरली. जवळच्या खांबाला पाठ लावली, टाचा टेकवल्या, डोक्यावर आडवा हात धरला आणि मग तो हात तसाच ठेवून बाजूला होऊन बघितलं. तीन फूट पाच इंचाच्या आसपास कुठेतरी तो हात खांबाला टेकलेला होता.

"मग त्याला आत सोडलं का?" तिनं विचारलं.

"त्याला कशाला सोडतील?" सासूबाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी देवच बाहेर आला."